टाकीवरचा भोंगा

करंजवाड्याच्या पाण्याच्या टाकीवर दोन भोंगे आहेत. एकाचं तोंड गावाकडे, दुसऱ्याचं केळीच्या बागांकडे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी सात वाजता या दोन्ही तोंडांतून मंदाबाई वारके बोलते आणि पाव तास अख्ख्या गावाला ऐकून घ्यावं लागतं.

लग्नाला तीस वर्षं झाली, पण भोंगे येईपर्यंत घरात तिचं पुरतं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. "मंदे, मीठ आन," एवढ्यात लीलाधरचं बोलणं संपायचं, आणि "आनते" एवढ्यात तिचं. मग जळगावच्या एका संस्थेनं पाच गावांना भोंगे, ॲम्प्लिफायर आणि हातात मावेल एवढा रेकॉर्डर दिला. गावाचं गावानंच बोलावं, असं संस्थेचं म्हणणं. बचत गटातल्या बाया माईक पाहून एकमेकींच्या पाठीमागे लपल्या. मंदाबाईनं तो हातात घेतला तो घेतलाच. कुणाची म्हैस हरवली, रेशनचं धान्य कधी येणार, बागेत खत कोणतं टाकायचं, सगळं ती सांगे. सून भूमिका मोबाईलवर कापून-जोडून द्यायची. दुकानावर, पारावर, दळणाच्या रांगेत लोक म्हणत, "मंदाबाईनं सांगतलं ना, मंग बरोब्बर असीन." या एका वाक्यावर ती बाई दिवसभर तरंगत असे. खोटं कशाला बोला, सुखच होतं ते.

चूक झाली ती श्रावणात.

त्या वर्षी पाऊस रेंगाळला आणि केळीवर हरण्या रोग आला. मृगात लावलेल्या नव्या मृगबागेत पोंग्यावर, शेंड्याच्या कोवळ्या पानावर, पिवळे पट्टे उठायचे, पान चिरायचं, झाड जागच्या जागी खुजं राहायचं. कृषी सहायकानं मंदाबाईच्या रेकॉर्डरवर नीट समजावून सांगितलं होतं: रोगट झाड मुळासकट उपटा, शेताबाहेर न्या, खड्ड्यात गाडा नाहीतर जाळा, उघड्यावर टाकलं तर मावा उडून शेजारच्या झाडावर बसतो.

पण त्याच शनिवारी सरपंच पंडितभाऊंच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता.

"आई, पंचवीस सेकंद जास्तीचं व्हतंय," भूमिका म्हणाली. "एक तर वाढदिवस काढा, नही तर हे गाडा-जाया."

"वाढदिवस काढला तं पंडितभाऊ टाकीवरून भोंगे काढतीन," मंदाबाई म्हणाली. "झाड उपटा, शेताबाहेर टाका, इतकं पुरे. पुढचं शेतकऱ्याले कयतंच."

शनिवारी भोंगा बोलला आणि गावानं ऐकलं. आता शेताबाहेर म्हणजे कुठं? ज्याचं शेत जिथं संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होतं, हे करंजवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्यानं त्यानं आपापली रोगट झाडं उपटली आणि शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन टाकली. आणि सगळ्यांत आधी टाकली ती मंदाबाईच्या नवऱ्यानं. लीलाधरनं दिवसभर वाकून साठ झाडं उपटली. सदरा केळीच्या चिकानं काळा झाला, कमरेचा काटा ढिला झाला, आणि साठही झाडं त्यानं चुलतभावाच्या, जीवरामच्या बांधावर ओळीनं रचली. बायकोचं ऐकायची त्याची आयुष्यातली ही पहिली खेप.

पंधरा दिवसांनी मंदाबाई भाकरी घेऊन शेतात निघाली होती. बांधापलीकडे जीवराम उकिडवा बसला होता. त्याच्या हातात कोवळं पान होतं आणि त्या पानावर पिवळे पट्टे होते. त्यानं ते पान बोटांनी उभं फाडलं, मान वर केली आणि एकदा मंदाबाईकडे पाहिलं. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली मान घालून निघून गेली.

जीवराम तिचा जेठ, नवऱ्याहून आठ वर्षांनी मोठा. जेठाशी समोरासमोर बोलायची वारक्यांच्या घरात रीत नव्हती. गावाला पाव तास सुनावणारी ही बाई जेठाला चहा हवा का हेसुद्धा दाराच्या चौकटीला विचारी. तेव्हा ‘चुकलं नाना’ हे दोन शब्द ती कुणामार्फत पोचवणार? नवऱ्यामार्फत? नवरा तर स्वतःच काळा सदरा लपवत फिरत होता.

जीवरामची दीडशे झाडं गेली. तो भांडला नाही, ओरडला नाही, पंचायतीत गेला नाही. फक्त लीलाधरच्या घरी येणं त्यानं बंद केलं आणि फोन आला तर उचलणं बंद केलं. भांडला असता तर बरं झालं असतं, असं मंदाबाईला रोज वाटे.

ते फाटलेलं पान पाहिल्यानंतरच्या मंगळवारी भोंग्यावर तिनं सांगितलं, "रोगट झाडं गाडा नाहीतर जाळा." असं सांगितलं की जणू पहिल्यापासून हेच सांगत होती. लीलाधरनं भल्या पहाटे जाऊन साठही झाडं उचलली आणि आपल्याच शेतात खड्डा खणून गाडली.

"आता बोलू नको कोनाजोय," तो मंदाबाईला म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

दिवाळी झाली आणि संस्थेचा निरोप आला. पाचही गावांचं मूल्यमापन होणार. रविवारी जळगावहून जिनलताई येणार, लोकांशी बोलणार आणि त्यावरून पुढच्या वर्षी कोणती दोन गावं चालू ठेवायची ते ठरणार. उरलेल्या तीन गावांचे भोंगे उतरणार.

मंदाबाईनं निरोप दोनदा वाचून घेतला.  दोन गावं! चिनावलकडच्या त्या गावात म्हणे शिकलेल्या पोरी कार्यक्रम करतात, मध्ये मध्ये गाणीबिणी लावतात. आपण सातवी. भोंगे उतरले तर पुन्हा ‘मीठ आन’ आणि ‘आनते’. 

लीलाधर मात्र कामाला लागला. बायकोच्या भोंग्याचं त्यानं वर्षभरात कधी कौतुक केलं नव्हतं, पण भोंगा जाणार म्हटल्यावर त्याला सणासुदीसारखी घाई सुटली. भूमिकेकडून त्यानं एक वाक्य लिहून घेतलं, ‘या कार्यक्रमामुळे आमच्या जीवनात आमूलाग्र बदल झाला.’ ते घरोघरी वाटलं. इंदिराबाई, बागेत मजुरीला जाणारी, तिला ‘आमूलाग्र’ काही केल्या म्हणता येईना. कधी आमुग्राल म्हणे, कधी आग्रामूल. शेवटी लीलाधर म्हणाला, "तू निस्तं ‘लई बदल झाला’ म्हन, बाई."

उरला जीवराम. लीलाधरनं तिसऱ्याच माणसाकडून त्याच्या कानावर घातलं की रविवारी पारोळ्याच्या बाजारात एक बैलजोडी येतेय, पांढरीशुभ्र, आणि धनी गरजू आहे. जीवरामला दोन वर्षं बैलजोडी हवी होती. रविवारी सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून, पिशवी काखेत मारून फाट्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसताना दिसला. लीलाधरनं मिशीवरून हात फिरवला.

"हे काही बरोबर नही," मंदाबाई म्हणाली.

"तुले भोंगा पायजे का बरोबर पायजे?"

मंदाबाईनं पुरीची कणीक मळायला घेतली. भोंगा पाहिजे होता.

पाहुणीसाठी भरीत-पुरीचा बेत होता. लीलाधरनं अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि हिरवी वांगी त्यात लोटली. धुरानं डोळे चोळत तो वांगी उलटीपालटी करत राहिला. लसूण आणि मिरच्या बडगीत, लाकडी उखळीत, ठेचल्या गेल्या, वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. लीलाधरची आई भिकुबाई खाटेवर बसून हुकूम सोडत होती, "तेल हात आखडून टाकू नको वं!" दहाला फोन आला, जिनलताई नशिराबादच्या गर्दीत अडकल्यात. साडेबाराला गाडी अंगणात आली.

गाडीचं मागचं दार उघडून जिनलताई उतरली. तिशीच्या आतली पोर, सुती कुडता, खांद्याला वह्यांची थैली. आणि पुढचं दार उघडून, पिशवी काखेत घेऊन, धुतलेल्या धोतरात, जीवराम उतरला.

लीलाधरच्या हातातलं वांगं विस्तवात पडलं.

"हे नाना फाट्यावर भेटले म्हणून बरं झालं," जिनल हसत म्हणाली. "मी वाट चुकले होते. पारोळ्याला जायची गाडी सोडून माझ्यासोबत आले."

"बैल काय, पुढच्या रविवारीबी भेटतीन," जीवराम कुणाकडेच न पाहता म्हणाला. "पाहुनीले गाव दाखवायले पायजे."

फाट्यापासून गावापर्यंत खड्ड्यांतून पाऊण तासाचा रस्ता. पाऊण तासात दीडशे झाडांची कहाणी चारदा सांगून होते.  चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे भर दुपारी पडलं होतं.

त्यात भरिताचं ताट समोर आलं तर पाहुणीनं हात जोडले. "माफ करा हं, आमच्या घरी वांगं चालत नाही. लसूणही नाही. आम्ही जैन."

 सकाळपासून धूर खाल्लेला लीलाधर ताटाकडे आणि पाहुणीकडे आळीपाळीनं पाहत राहिला.

"मंग काय खाती वं माय तू?" भिकुबाईनं थेट विचारलं.

"कच्च्या केळीची भाजी असली तर खूप आवडते."

हजारो केळींच्या गावात कच्ची केळी पाहुण्याच्या ताटात वाढायची कुणी कल्पनासुद्धा केली नसती. ती घरात दुसरं काही नसलं की करायची भाजी. भूमिका पळत जाऊन बागेतून एक फणी घेऊन आली, मोहरी-हिंगाची फोडणी बसली, आणि जिनलनं ती भाजी दोनदा मागून घेतली. "आधी विचारलं असतंत तर एवढा धूर तरी वाचला असता," ती लीलाधरला म्हणाली. सगळे हसले, जीवरामसुद्धा मिशीत हसला. मंदाबाई मात्र एक डोळा जीवरामवर ठेवून वाढत राहिली.

दोन वाजता ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सतरंजी पडली. चाळीसेक माणसं जमली. जिनलनं भिंतीला मोठा कागद चिकटवला आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या. काय करायचं ठरवलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? पुढे वेगळं काय करू?

"बोला," ती म्हणाली.

पंडितभाऊ उठले. "या कार्यक्रमामुळे आमच्या जीवनात आमूलाग्र बदल झाला." टाळ्या. मग किराणा दुकानदार उठला, त्याच्याही जीवनात आमूलाग्र बदल झाला. मग अंगणवाडीताईच्या. जिनलनं दुसऱ्यांदा ऐकून लिहिणं थांबवलं, तिसऱ्यांदा ऐकून पेनाला टोपण लावलं. इंदिराबाईची पाळी आली तेव्हा ती ऐनवेळी शौर्य दाखवायला गेली आणि म्हणाली, "आमच्या जीवनात आग्राहून बदल झाला!" ओटा खदखदून हसला. लीलाधरनं कपाळावर हात मारून घेतला.

जिनलही हसली, पण मग शांत झाली. "एक सांगू? मी परीक्षा घ्यायला आलेले नाही. आल्यापासून माझ्याजवळ लिहायला एक ओळ नाही. कार्यक्रम करताना काय फसलं, त्यातून काय कळलं, कळल्यावर तुम्ही काय बदललं, हे पाहायला मी येते. जिथं काहीच फसलं नाही तिथं कुणी काही शिकलं नाही, असंच मला लिहावं लागेल. आणि तसं लिहिलं तर भोंगे न्यावे लागतील."

 मंदाबाईनं खांबाकडे पाहिलं. जीवराम खांबाला टेकून, मांडीवर पिशवी ठेवून बसला होता. तो बोलत का नव्हता? एक वाक्य बोलला असता तरी संपलं असतं. तो आपल्या पायाच्या नखांकडे पाहत होता, मृगबागेत त्या पानाकडे पाहत होता तसाच.

मग काय झालं ते मंदाबाईला नंतर नीट सांगता आलं नाही. पाय आपोआप उभे राहिले.  तिनं पदर डोक्यावरून पुढे घेतला आणि जिनलकडे तोंड करून बोलायला लागली.

"ताई, लिहा. श्रावनात हरण्या आला. साहेबानं सांगतलं व्हतं झाड उपटा आन गाडा. म्या ‘गाडा’ कापून टाकलं. निस्तं ‘शेताबाहेर टाका’ सांगतलं."

"मंदे!" लीलाधर पुटपुटला.

"गावानं शेताबाहेर टाकलं, म्हंजे एकमेकाच्या बांधावर टाकलं. त्याच्यापायी एका मानसाची दीडशे झाडं गेली. ते मानूस आठीच, या ओट्यावर, बसेल हाये. चूक कयली तशी म्या दुरुस्त केली, पन चुकली असं भोंग्यावर एकदाबी बोलली नही. लोक म्हनत मंदाबाईनं सांगतलं म्हंजे बरोब्बर. मले ते लई गोड लागत व्हतं, ताई. म्हनून नही बोलली."

डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. जिनलनं पेनाचं टोपण काढलं.

"कापलं मी," मागून भूमिकेचा आवाज आला. ती उभी राहिली होती. "पंचवीस सेकंदासाठी कापलं. पंडितभाऊंच्या नातवाच्या वाढदिवसाले जागा पायजे व्हती."

सगळ्यांच्या माना सरपंचाकडे वळल्या. पंडितभाऊंनी टोपी काढून घाम पुसला. "आता मले काय माहीत, भो," ते म्हणाले. "पोराले तं अजून ऐकू आलेलं कयतबी नही. पुढच्या टायमाले वाढदिवस शेवटाले घ्या. उरलं तं घ्या, नही तं नका घेऊ."

"मीबी सांगू का?" इंदिराबाईनं हात वर केला. "वर्ष झालं, आम्ही मजूर बायायनं सातचा भोंगा कधी ऐकलाच नही. साडेसहाले तं आम्ही रिक्षात कोंबेल राहतो, दुसऱ्या गावाच्या शिवारात. लीलाधरभाऊ म्हने लई बदल झाला म्हन, म्हनून म्हटलं."

"मंग सांगायचं नही का आधी?" मंदाबाई ओरडली.

"तू इचारलं कधी?"

आणि मग धरणच फुटलं. कुणी म्हणालं नदीकडच्या वस्तीवर वाऱ्यानं अर्धं ऐकूच येत नाही. कुणी म्हणालं रेशनची तारीख दोनदा चुकली, फुकट खेपा पडल्या. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की हरवलेली म्हैस सापडली तरी चार दिवस भोंगा तिला शोधतच होता. लोक एकमेकांवर कुरघोडी करत चुका सांगायला लागले, आणि प्रत्येक चुकीला हशा होत होता, आणि जिनल कागदामागून कागद भिंतीला चिकटवत होती. संध्याकाळी साडेपाचला, बाया घरी परतल्यावर भोंगा लावायचा. सांगण्याआधी दोन माणसांना ऐकवायचं आणि त्यांना काय कळलं ते विचारायचं. कापायचं तर वाढदिवस कापायचा. पुढे वेगळं काय करू, याखाली जागा पुरेना.

सगळ्यांत शेवटी लीलाधर उठला.  "तिनं निस्तं सांगतलं," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "टाकलं म्या. साठ झाडं. मले माहीत व्हतं कोनाच्या बांधावर टाकू राह्यलो ते."

मग हशा थांबला.

जिनल जीवरामकडे वळली. "नाना, पाऊण तास तुम्ही माझ्या गाडीत होतात. केळीवर बोललात, पावसावर बोललात. हे काहीच नाही बोललात."

"घरची गोठ हाये," जीवराम म्हणाला. "घरच्यानं सांगावं. म्या श्रावनापासून वाट पाहू राह्यलो."

"मग आता तुम्हीच सांगा. ज्यांचं नुकसान झालं त्यांना विचारल्याशिवाय मी शिफारस लिहीत नाही. करंजवाड्याचा भोंगा चालू ठेवायचा की उतरवायचा?"

चाळीस माणसं खांबाकडे पाहायला लागली. मंदाबाईनं डोळे मिटून घेतले. जीवरामनं पिशवीची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

"चालू ठेवा," तो म्हणाला.

मंदाबाईनं श्वास सोडला, तोच तो पुढे म्हणाला, "पन एक अट हाये. चाळीस मानसायमंधी सांगतलं ते काय कामाचं? झाडं टाका असं भोंग्यावर सांगतलं, तं चुकलं असंबी भोंग्यावरच सांगा. आन माझं नाव घेऊन सांगा. ‘कोनी एक शेतकरी’ नही. जीवराम म्हना."

झालं! ओट्यावरच्या बाया एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. जेठाशी बोलणं नाही तिथं जेठाचं नाव घ्यायचं? मंदाबाईनं तीस वर्षांत ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. जीवरामच्या नावाचा दुसरा एक माणूस गावात होता, त्यालाही ती ‘ते सुतारदादा’ म्हणे. ती कावरीबावरी होऊन सासूकडे पाहायला लागली.

भिकुबाई काठीवर हनुवटी टेकून बसली होती. तिनं क्षणभर विचार केला. "तू काबरं घेतं नाव?" ती म्हणाली. "नाव भोंगा घेईन. तू निस्तं बटन दाब."

ओटा पुन्हा खदखदला. जिनलनं हसता हसता वही छातीशी धरली.

जीवराम उठला. "मी बांधावर जाऊन उभा राहतो," तो म्हणाला. "तठी ऐकू आलं तं खरं."

साडेपाच वाजले. बागांमधून परतणाऱ्या बाया टाकीखाली थबकल्या. पंचायतीच्या खोलीत भूमिकेनं ॲम्प्लिफायर लावला, भोंग्यांनी खाकरल्यासारखा आवाज केला. मंदाबाईनं सवयीनं पदर सावरला, बटण दाबलं. 

"राम राम, करंजवाडेकरहो. मी मंदा वारके बोलतेय. श्रावणात हरण्याची झाडं शेताबाहेर टाका असं मी सांगितलं. ते चुकीचं होतं. गाडा किंवा जाळा, हे बरोबर होतं. माझ्या चुकीमुळे…" ती थांबली.  "माझ्या चुकीमुळे जीवराम वारके यांचं नुकसान झालं. जीवराम वारके यांची काही चूक नव्हती. मी त्यांची माफी मागते."

नाव टाकीवरून सुटलं, गावावरून गेलं, बागांवरून गेलं. बटण सोडल्यावर मंदाबाई खुर्चीत मटकन बसली आणि रडता रडता हसायला लागली. लीलाधरच्या खिशातला फोन वाजला. त्यानं पाहिलं आणि घाईघाईनं कानाला लावला. श्रावणापासून या नंबरावरून फोन आला नव्हता.

"हां, नाना."

"वारं उलटं हाये. आखीन एक डाव सांगा म्हना."

मंदाबाईनं पुन्हा बटण दाबलं. या वेळी नावाशी ती अडखळली नाही. पुन्हा फोन वाजला.

"मंधी ट्रॅक्टर गेलं. आखीन एक डाव."

तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा आवाज मोकळा होता. जीवराम वारके हे नाव तिनं असं खणखणीत घेतलं की टाकीखालच्या मजूर बायांनी टाळ्या वाजवल्या. इंदिराबाईनं तर आपल्या परीनं शिट्टी मारायचा प्रयत्न केला. खोलीत कुणाचं हसू थांबेना. लीलाधरनं आता स्वतःहून फोन लावला आणि जवळजवळ ओरडलाच, "नाना, आता तरी आलं का ऐकू?"

फोनमधून आधी नुसताच वारा ऐकू आला, केळीच्या पानांची सळसळ. मग जीवरामचा आवाज आला, जरा घोगरा.

"पयल्याच डावाले आलं व्हतं रे."